पंधरा व्होल्टचा दसरा

झेंडू बाजारात आला की लोकांना दसरा आठवतो, मला पंधरा व्होल्ट आठवतात.

परवा सकाळी मखमलाबाद नाक्यावर सिग्नलला थांबले होते. शेजारी एक पिकअप येऊन उभी राहिली. मागे झेंडूच्या जाळ्या पार वरपर्यंत रचलेल्या, त्यातून रात्रीचं पाणी अजून ठिबकत होतं. तो उग्र, ओला, किंचित कडवट वास माझ्या हेल्मेटमध्ये शिरला आणि मी मोठ्याने म्हणाले, "हलला काटा." शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि रिक्षा जरा लांब घेतली. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी मला हसूच आवरेना. दरवर्षी असंच होतं. नवरात्र आलं, परतीचा पाऊस आभाळात घुटमळायला लागला, पंचवटीच्या फूलबाजारात पिवळे-केशरी ढीग पडले, की माझ्या बोटांना खाज सुटते. कुठलं तरी झाकण उघडावं, आतला सेल काढावा, नवा घालावा आणि काटा उठताना बघावा.

मी इथल्याच एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. स्वभावाने उतावळी. चहा निवायची वाट पाहायचा धीर नाही, त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा तरी जीभ भाजलेली असते. आणि माझ्या प्रयोगशाळेचे परिचर होते रंगनाथभाऊ. मखमलाबादला त्यांची वडिलोपार्जित दीड एकर जमीन, त्यात आधी भाजी, मग फुलं, आणि नोकरी आयटीआयमध्ये. एखादा स्क्रू पिळायचा तर आधी तो फडक्याने पुसणार, मग डोळ्यासमोर धरून बघणार, मग पिळणार. मला ते पाहून धीर धरवायचा नाही. आमचं पंधरा वर्षं कसं जमलं, हे आमचं आम्हालाच ठाऊक नाही.

आमच्याकडे वीज मोजायचे आठ जुने मीटर आहेत. परदेशी बनावटीचे, काळ्या बेकलाइटचे, वर उचलायला चामड्याचा पट्टा. एकेक इतका जड की पोरं उचलताना "आई गं" म्हणतात. काचेखाली कमानदार स्केल, त्याच्यावर केसाएवढा काटा, आणि काट्यामागे आरशाची बारीक चीर. काटा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकावर एक आलं, म्हणजे तुमचा डोळा सरळ आहे असं समजायचं. आता दोनशे रुपड्यांचा डिजिटल मीटर रस्त्यावर मिळतो, तोही चांगलाच असतो, माझं त्याच्याशी काही वैर नाही. पण कपॅसिटर भरतो कसा, हे पोरांना दाखवायचं तर मला काटाच लागतो. मीटरच्या तारांची दोन टोकं, म्हणजे प्रोब, त्याला टेकवले की काटा झपकन उसळतो आणि मग हळूहळू, हळूहळू खाली येतो. डिजिटलवर त्या वेळी नुसते आकडे पळतात. काटा कुठून आला आणि कुठे चाललाय, हे सांगतो. पोरांच्या माना काट्याबरोबर खाली येतात, तेव्हा मला कळतं की समजलं.

या मीटरच्या पोटात दोन सेल असतात. एक टॉर्चचा जाडा, दीड व्होल्टचा, किराणा दुकानातही मिळतो. दुसरा काड्यापेटीहून लहान, पंधरा व्होल्टचा. तो फक्त एका रेंजसाठी, फार मोठा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायला. हा दुसरा सेल बनवणं जगाने कधी तरी बंद केलं आणि आम्हाला कुणी कळवलं नाही. आमच्या कपाटातला शेवटचा सेल संपला तेव्हापासून बारा वर्षं ती रेंज मुकी होती. पोरांना वाटायचं, नॉबवरचं ते शेवटचं घर कंपनीने उगाच दिलंय.

आता जुनं झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे मला एका दसऱ्याच्या हंगामात पहिल्यांदा कळलं. मीटर जुने झालेच नव्हते. त्यांचे स्प्रिंग ताजे होते, काचेवर ओरखडा नव्हता, दीड व्होल्टवरच्या सगळ्या रेंज अचूक होत्या. त्यांचं खाणं तेवढं मिळेनासं झालं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कार्यालयात पत्र आलं की निरुपयोगी साहित्य निकाली काढायला समिती येणार, दसऱ्यानंतरच्या गुरुवारी. प्राचार्यांनी बैठक घेतली आणि यादी वाचली. यादीत आमचे आठ मीटर. एक रेंज बंद, सेल उपलब्ध नाही, सबब भंगारात. मी उभी राहिले. डोक्यात काहीही तयार नव्हतं, तरी म्हणून बसले की आठही मीटर सगळ्या रेंजवर चालवून दाखवते. प्राचार्य समजूतदार माणूस. ते म्हणाले, दाखवा, चालले तर ठेवू, पण एकही रेंज अडली तर माझा इलाज नाही. बाहेर आल्यावर हिशेब केला. बारा वर्षांत जे जमलं नाही ते मी दहा दिवसांत करणार होते.

प्रयोगशाळेत येऊन भाऊंना सांगितलं. ते त्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. सरकारी नोकरीत माणूस जाताना आपल्या ताब्यातल्या सगळ्या वस्तूंची यादी करतो आणि दुसऱ्याच्या हवाली करतो. त्याला चार्ज देणं म्हणतात. भाऊंनी ऐकून घेतलं, हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"मॅडम, एकतीस वर्षं पुसले मी ते," ते म्हणाले. "आता चार्ज देताना बंद हाय म्हनून लिहून द्यायचे का? मी जायच्या आत चालू करा तेवढे. दुसरं काय नाय मागत."

खरंच एकतीस वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मीटरमधले सेल काढून ठेवायचे, म्हणजे ते गळून आतला पितळी पत्रा खाणार नाहीत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते आपले काढायचे आणि जूनमध्ये परत घालायचे. म्हणून तर ते मीटर इतके नवेकोरे राहिले होते.

मंगळवारी आणि बुधवारी मी नाशकातलं एक दुकान सोडलं नाही. मेन रोडच्या दुकानदाराने सेलचं नाव ऐकून नोकराला हाक मारली, "हे बघ, बाई काय मागू राहिल्या," आणि दोघांनी मिळून मला डिजिटल मीटर विकायचा प्रयत्न केला. कानाची मशीन विकणाऱ्याकडे गेले, घड्याळवाल्याकडे गेले. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर फोन केला, तर एकाने सांगितलं की दोन नग आहेत, पण मुदत कधीच संपली आहे, चालेल का. भर नवरात्रात, अंगावर त्या दिवसाच्या रंगाची साडी, पायात धूळ, आणि मी दुकानोदुकानी पंधरा व्होल्ट मागत हिंडत होते. माझी आई म्हणाली, तुझ्या बापाने सायकलच्या एका नटसाठी असाच जीव काढला होता. आई हे तक्रारीच्या सुरात बोलली, पण तिला ते आवडलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

बुधवारी संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा बंद पडलेला. आईला साबुदाणा मोजायचा होता. मी तो पालथा केला, झाकण सरकवलं, आतून रुपयाएवढा चपटा सेल निघाला. त्याच्यावर लिहिलेलं, तीन व्होल्ट. मी तो सेल हातात धरून उभी राहिले. तीन एके तीन, तीन दुणे सहा. तीन त्रिक नऊ, तीन चोक बारा. माझा आवाज चढत गेला. आईने गॅस बारीक केला आणि विचारलं, बरं वाटतंय ना. "तीन पाचे पंधरा," मी ओरडले. एकावर एक पाच सेल रचायचे, झाले पंधरा व्होल्ट. कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारे, गाडीच्या किल्लीत असतात ते सेल. जिन्यावरून उड्या मारत खाली गेले, स्कूटर काढली, आणि नाशिकरोडच्या घड्याळवाल्याकडचे होते नव्हते तेवढे सेल उचलले. साबुदाणा त्या दिवशी अंदाजानेच भिजला.

गुरुवारी सकाळी पहिला मूर्खपणा मीच केला. सेलवर सरळ तार सोल्डर करायला घेतली. भाऊ म्हणाले, मॅडम, जरा थांबा, आणि मी थांबणारी नव्हे. टप्प असा आवाज झाला, सेलचं वरचं झाकण उडून पंख्याला लागलं. भाऊंनी प्लग काढून घेतला. मग त्यांच्या पद्धतीने काम सुरू झालं. वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप, त्याचा अंगठ्याएवढा तुकडा हॅक्सॉने कापायचा. फरशीवर काचपेपर ठेवून दोन्ही तोंडं घासून सपाट करायची. आत पाच सेल, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. दोन्ही टोकांना पितळी वॉशर, एका बाजूला बॉलपेनची स्प्रिंग. मी तासाला एक म्हणत होते, भाऊ दोन तासांना एक म्हणत होते, आणि त्यांनी केलेला बरोबर बसत होता, माझा पडत होता. दुपारी पहिली नळी तयार झाली. मीटर क्रमांक एकच्या पोटात ती अशी बसली, जणू कंपनीतूनच आली होती.

नॉब शेवटच्या घरावर नेला. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले. आणि काटा उठला. बारा वर्षं पडून राहिलेला काटा स्केलच्या उजव्या टोकापर्यंत सरसरत गेला. मी भाऊंचा हात धरला आणि तिथल्या तिथे उडी मारली. चाळिशी उलटलेली बाई, खाली वर्कशॉपमधली पोरं वर बघायला आली की काय पडलं. भाऊंचे डोळे भरून आले होते, ते चष्मा पुसत बसले.

मग मी प्रोब सोडले. सोडल्यावर काटा डाव्या टोकाला जाऊन पडायला हवा, जिथे अनंताचं चिन्ह असतं. भाऊ त्याला आडवा आठ म्हणत. काटा आला, पण आडव्या आठाच्या अलीकडेच थांबला. प्रोब हवेत मोकळे, कशालाही न टेकलेले, आणि मीटर म्हणत होता की त्यांच्यामधून थोडी वीज जातेय.

शुक्रवार सगळा त्या अर्ध्या बोटाच्या अंतरात गेला. वीज गळत होती, कुठून ते कळत नव्हतं. मी नळीवर संशय घेतला, नळी बदलली. वॉशर बदलले. नॉबचे आतले संपर्क धुतले. बाहेर सर येत होती, जात होती, हवेत ओल इतकी की वहीची पानं मऊ झाली होती. वाटलं, हवेचाच दोष असेल. दुसरा मीटर तयार केला, तिसरा केला, सगळ्यांची तीच तऱ्हा, कुणाचा काटा थोडा कमी अडे, कुणाचा जास्त. दीड व्होल्टच्या रेंजवर हे कधी दिसलंच नव्हतं, कारण एवढी बारीक गळती तिथे दिसतच नाही. आणि मोठी रेंज तर बारा वर्षं बंद. मी चिडले. भाऊंवरही एकदा आवाज चढवला, नळ्या स्वच्छ हातांनी करत जा म्हणून. ते हात धुऊन आले आणि पुन्हा कामाला बसले. त्या आवाजाची मला अजून लाज वाटते.

शनिवारी भाऊंची रजा होती. दसऱ्याची फुलं तोडायची होती, आणि झेंडू कुणासाठी थांबत नाही. मी एकटीनेच सात मीटर पुरे केले, सातही अडलेले. आठवा मीटर कित्येक वर्षं प्राचार्यांच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेला असे. किल्ली मागून तो आणला, नळी बसवली, प्रोब टेकवले, सोडले. काटा जाऊन सरळ आडव्या आठावर निजला. मी पुन्हा केलं. पुन्हा निजला. नळी तीच, हवा तीच, मीटर त्याच पेटीतला. मग फरक काय? आठही मीटर एका रांगेत मांडले आणि टेबललॅम्प आडवा धरून बघत गेले. सात मीटरच्या, तारा खोचायच्या लाल आणि काळ्या टर्मिनलच्या मध्ये, बेकलाइटच्या खाचेत, एक तपकिरी-तांबूस थर होता. आठव्याला नव्हता. नखाने खरवडलं आणि नख नाकाशी नेलं. हळदीचा वास आला.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी. भाऊ घरून झेंडू आणत, प्रत्येक मीटरला हार घालत आणि ओलं बोट बुडवून हळदीकुंकू लावत. एकतीस दसरे, दोन टर्मिनलांच्या बरोबर मधोमध. वरून पुसलं तरी खाचेत ते साठत गेलं, पावसाळी हवेत ओल धरून बसलं, आणि वीज त्यातून एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर गुपचूप जात राहिली. कपाटातल्या आठव्याच्या वाटणीचं हळदीकुंकू काचेला लागे. मी स्पिरिट घेतलं, जुना टूथब्रश घेतला, क्रमांक एकची खाच घासली. काटा निजला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्याच क्षणी खुर्चीत बसले.

कारण आता हे भाऊंना सांगायचं होतं. गुपचूप सातही धुऊन टाकता आले असते, पण सोमवारीच खंडेनवमी होती. भाऊ पुन्हा बोट लावणार, आणि गुरुवारी समितीसमोर काटे पुन्हा अडणार. सांगणं भाग होतं. आणि सांगणारी मी. आमच्या घरात ही पूजा नाही. दसऱ्याला आम्ही पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातो. पंधरा वर्षं खंडेनवमीला मी प्रयोगशाळेत फक्त उभी राहत आले, पेढा खात आले, आणि भाऊ दर चौदा एप्रिलला आमच्या कॉलनीत येऊन खीर खाऊन जात. आम्ही या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो, बोलायची वेळच आली नव्हती. आता मी म्हणणार, भाऊ, तुमच्या हळदीकुंकवाने मीटर बिघडले. काहीही बोलताना न अडखळणारी मी, रात्रभर वाक्यं जुळवत होते आणि एकही बरं वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी दोन मीटर शालीत गुंडाळले, स्पिरिट आणि ब्रश बरोबर घेतला, सगळं स्कूटरवर पायाशी ठेवलं आणि मखमलाबादला गेले. आभाळ खाली आलेलं. भाऊंचं दीड एकर रान या बांधापासून त्या बांधापर्यंत केशरी होतं, बायका वाकून फुलं तोडत होत्या, त्यांची बोटं हिरवी-काळी झालेली. तो वास इतका दाट होता की जिभेवर लागत होता. सुमनवहिनींनी, भाऊंच्या बायकोने, बांधावरच चहा दिला. भाऊ डोक्याला रुमाल बांधून आले. मी एक जाळी पालथी घातली, त्याच्यावर दोन्ही मीटर ठेवले, एक धुतलेला, एक न धुतलेला, आणि प्रोब त्यांच्या हातात दिले. रात्री जुळवलेली वाक्यं सोडून दिली आणि काट्यालाच बोलू दिलं.

भाऊंनी प्रोब टेकवले, सोडले. दोन्हींवर केलं, परत केलं. "ह्याचा जाऊ राहिला आडव्या आठावर, त्याचा नाय," ते म्हणाले. मी बोट दाखवलं. ते वाकले, चष्मा वर केला, दोन्ही खाचा पाहिल्या. मग तिथेच उकिडवे बसले. वहिनींनी विचारलं, काय झालं, तर त्यांनी दोन्ही टर्मिनलांवर बोट ठेवून दाखवलं.

"ते दोन त्याचे डोळे," ते म्हणाले. "म्हनून मधी, कपाळाला लावायचो." आणि खाचेवरून बोट फिरवत, "म्हंजे सेल असता तरी माझ्यामुळंच अडला असता."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, घरातल्या देवांना कधी बोट लावलं नाही यांनी, ते मलाच लावावं लागतं, आणि तिकडे मशीनींची कपाळं रंगवत होते. भाऊ हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं की शनिवारीच सगळे धुऊन का नाही टाकले, इथवर कशाला आलात. मग मी सगळं बोलून टाकलं. उद्या तुम्ही परत लावलं असतं, आणि लावू नका असं मी म्हटलं असतं तर ते माझ्या तोंडी वेगळंच वाटलं असतं, म्हणून रात्रभर झोप नाही.

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच बावळट आहे. "मॅडम, काट्याला काय तुमचं नि आमचं ठाऊक असतंय का?" ते म्हणाले, आणि स्पिरिटच्या बाटलीसाठी हात पुढे केला.

दुसऱ्या मीटरची खाच त्यांनी तिथेच, बांधावर घासली. माझ्याहून चौपट वेळ घेतला. काटा निजला तेव्हा फुलं तोडणाऱ्या बायका जमा झाल्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं की आम्ही धरलं तर काय होईल. मी तिला दोन्ही हातांत प्रोब धरायला सांगितलं. तिची बोटं फुलांच्या पाण्याने ओली, काटा टुणकन उसळला. मग प्रत्येकीला धरायचं होतं. कोरड्या हाताची एक म्हातारी होती, तिचा काटा जेमतेम हलला, तर बाकीच्यांनी तिला इतकं चिडवलं की ती हात पाण्यात बुडवून परत आली. अर्धा तास तोडणी थांबली. भाऊ मालक, पण तेही वाकून काटाच बघत होते. मी त्या केशरी रानात उभी राहून आठ-दहा बायकांना रोध म्हणजे काय ते शिकवत होते, आणि आयुष्यात याहून चांगला तास मी घेतला नसेल.

खंडेनवमीला मी पोचले तेव्हा भाऊ आधीच आलेले. राहिलेले मीटर त्यांनी एकट्याने धुतले होते, मला हात लावू दिला नाही. हार तयार, करंडा तयार. भाऊंनी बोट बुडवलं आणि ते हवेतच धरून माझ्याकडे वळले. मीटरच्या चामड्याच्या पट्ट्याकडे हनुवटी करून म्हणाले, "हितं चालंल का?"

मी म्हटलं, लावा, मोजून सांगते. त्यांनी पट्ट्याला बोट लावलं. मी दुसरा मीटर घेतला, एक प्रोब ओल्या कुंकवावर ठेवला, दुसरा टर्मिनलवर. आम्ही दोघं स्केलवर वाकलो. काटा आडव्या आठावरून ढिम्म हलला नाही. "चालेल," मी म्हणाले. माझी सगळी नोकरी मोजण्यात गेली, पण इतक्या काळजीने मी दुसरं काही मोजलेलं नाही. भाऊंनी एकेका पट्ट्याला बोट लावत आठही पुरे केले आणि मला पेढा दिला.

गुरुवारी समिती आली, तीन माणसं. त्यातला तरुण अधिकारी मोबाइलवर वेळ पाहत आला होता. मी मोठी रेंज लावली, रोध मोजून दाखवला, प्रोब सोडले, काटा निजला. आठ वेळा. मग त्याने स्वतःहून प्रोब बोटांत धरले, आणि काटा हलला तसा त्याचा चेहराच बदलला. त्याने नळी उघडून पाहिली, पाच सेल मोजले, कुणाची कल्पना म्हणून विचारलं. मी सांगितलं, कल्पना माझी, हात रंगनाथभाऊंचे. यादीवर आठही मीटरसमोर त्याने 'ठेवावेत' लिहिलं. प्राचार्यांनी सगळ्यांना चहा मागवला, आणि मी पुन्हा जीभ भाजून घेतली.

या वर्षी सेल बदलायची वेळ आलीच होती. काल चाळीस सेल आणले. घड्याळवाल्याला वाटतं माझं घड्याळांचं दुकान आहे, मी त्याचा गैरसमज काढत नाही. आज सकाळी एकेक नळी उघडली. भाऊंनी घासलेली पाइपची तोंडं अजून तशीच सपाट आहेत. पाच सेल आत सोडताना बारीक टकटक होते, पाच वेळा, आणि पाचव्या टकटकीला माझा श्वास वर जातो, चार वर्षं झाली तरी. पोरं घोळका करून उभी होती. काटा उठला आणि त्यातला एक जण शिट्टी वाजवून मोकळा झाला. त्याला रागवायला हवं होतं, मी रागावले नाही.

चार वर्षांपूर्वी, भाऊंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मी चार्जची यादी टाइप करून आणली. मीटरवरचं वाचन घ्यायचं काम कायम आम्हा शिक्षकांचं, भाऊंचं काम मीटर आणून ठेवायचं आणि पुसायचं. त्या दिवशी मी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हटलं, चार्ज तुमचा, वाचन तुम्ही घ्या, मी लिहिते. ते आधी बसेनात. मग बसले, प्रोब पुसले, डोळा आरशाच्या चिरेशी जुळवला आणि क्रमांक एकपासून सुरुवात केली. पाऊण तास लागला. मी एकदाही घाई केली नाही.

यादीच्या शेवटी 'शेरा' असा रकाना असतो. तो सगळे रिकामाच सोडतात. भाऊंनी माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि आठही मीटरच्या ओळींपुढे, कुठेही 'वरीलप्रमाणे' न म्हणता, वळणदार अक्षरात आठ वेळा तेच लिहिलं: चालू आहे. हळदीकुंकू फक्त पट्ट्याला लावावे. मग त्यांनी 'देणार' खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी आठही ओळी वाचल्या आणि 'घेणार' खाली सही केली.